माझ्या आईची टेस्ट

मॅडमनी फोन हातात घ्यायच्या आधी तो पुसायला लावला.

त्या फोनला त्या दिवशी किती तरी हात लागले होते. आमच्या सरांचा लागला होता. आमच्याकडं कोड लिहिणाऱ्या अफरोजचा लागला होता. हॉस्पिटलच्या दोन मॅनेजरांनी तो उलटासुलटा करून बघितला होता. मीही धरला होता, पण माझ्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं. तेव्हा कुणी पुसला नाही. माझ्या आईनं तो टेबलावर परत ठेवला आणि मॅडमनी दाराजवळ उभ्या असलेल्या मावशीला नजरेनं सांगितलं. मावशीनं सॅनिटायझर मारलं. कापसानं काच पुसली, मागची बाजू पुसली, कडा पुसल्या. मग मॅडमनी फोन उचलला.

आई बघत होती. आईनं बावीस वर्षं एका बाळंतपणाच्या दवाखान्यात हेच काम केलंय. पुसायचं काम. त्यामुळं काय पुसलं जातंय ते तिला कळलं. मलाही कळलं. मी वहीत लिहीत होते. लिहीतच राहिले.

हॉस्पिटलचं नाव मी सांगणार नाही. नाव सांगितलं की लोक म्हणतात, असं का, तिथं तसंच आहे. आणि बाकीची सगळी हॉस्पिटलं सुटतात.

मी डिझायनर होते. गारखेड्यात एका कोचिंग क्लासच्या वर दोन खोल्यांची आमची सॉफ्टवेअर कंपनी. सात माणसं. मोबाइलच्या स्क्रीनवर काय कुठं दिसावं, बटण केवढं असावं, त्यावर कोणते शब्द असावेत, हे ठरवून काढणं माझं काम. हे मी कुठल्या मोठ्या कॉलेजात शिकले नाही. बीएस्सी केलं, आणि डिझाइन शिकले फोनवर व्हिडिओ बघून, पडेगावच्या आमच्या पत्र्याच्या खोलीत, जिथं रेंज यायला दारात बसावं लागायचं. आमच्या घरात खुर्चीत बसून काम करणारी मी पहिली. आईला ह्याचं लई अप्रूप. ती वस्तीत सांगायची, माझ्या पोरीचं काम बसून असतं.

हॉस्पिटलचं ॲप हे आमच्या कंपनीचं सगळ्यात मोठं काम होतं. पेशंटनं घरून नंबर लावायचा, रिपोर्ट फोनवर बघायचे, औषधाची आठवण यायची. हॉस्पिटल मोठ्या डॉक्टरांचं. ॲपचं सगळं त्यांची सून बघायची. त्याही डॉक्टर. त्यांनाच आम्ही मॅडम म्हणायचो. आवाज कधी चढवायच्या नाहीत. शिवी नाही, ओरडणं नाही. सगळं हसून.

ॲप बनवताना ते खऱ्या माणसाच्या हातात देऊन बघतात. कुठं अडखळतो, काय समजत नाही, ते लिहून घेतात. ह्याला युजर टेस्टिंग म्हणतात. मॅडम म्हणाल्या होत्या, सरकारी योजनेच्या कार्डावर येणारा एक पेशंट बोलवा, अगदी साधा, कमी शिकलेला, बघू या त्याला किती झेपतं. सरांनी ऑफिसात विचारलं, कुणाच्या घरचं आहे का असं कुणी. सात जण होतो. त्यांनी विचारलं सगळ्यांना आणि बघितलं माझ्याकडं.

मी हो म्हटलं. सांगायला लाज वाटते, पण मला बरंसुद्धा वाटलं होतं. वाटलं, आई माझं ऑफिसचं काम बघेल. एसीच्या खोलीत बसेल. माझी आई ह्या ॲपसाठी उपयोगाची आहे म्हणजे मोठीच गोष्ट.

आईनं दोन दिवस शेजारणीच्या फोनवर सराव केला. लग्नाकार्यात नेसायची ती जांभळी साडी काढली. डोक्याला तेल लावून केस चापूनचोपून बसवले. बसमध्ये दोनदा विचारलं, मला काय काय विचारतील. मी म्हटलं, काय नाय, फोन चालवायचा नुसता.

मिटिंगची खोली तिसऱ्या मजल्यावर. काचेचं लांब टेबल. आईला एका टोकाला बसवलं आणि बाकी सगळे दुसऱ्या बाजूला. फोनची स्क्रीन मागच्या भिंतीवर मोठी दिसत होती. आईनं कुठं बोट लावलं ते सगळ्यांना दिसणार. आईला मात्र भिंत दिसत नव्हती, ती तिच्या पाठीमागं होती. तिला फक्त समोरची तोंडं दिसत होती.

पहिलंच बटण लागेना. आईच्या बोटांवर रेषा राहिलेल्या नाहीत. ब्लिचिंगच्या पाण्यात गेल्या. रेशनच्या दुकानात अंगठा लागत नाही, बँकेत लागत नाही. इथं काचेवरही बोट उमटेना. ती जोरात दाबायला लागली. मॅनेजर म्हणाला, मावशी, बेल नाही ती, हलकं लावा. कुणी तरी हसलं. आईनं बोट पदराला पुसून परत लावलं.

मग जन्मतारीख आली. आईला जन्मतारीख नाही. कुणी लिहूनच ठेवली नाही. आधार कार्डावर एक जानेवारी आहे, ती तिनं सांगितली. मॅडम हसल्या. म्हणाल्या, "ह्या सगळ्यांचा वाढदिवस एक जानेवारीलाच असतो. केक मोठा लागेल."

सगळे हसले. सर हसले. अफरोज खाली बघत होता. आणि मी ओठ ताणले. हसू म्हणावं असंच काही तरी केलं मी. हे वाक्य लिहायला मला वर्ष लागलं.

मग मॅडमनी नाव विचारलं. आईनं आमच्या लोकांच्या सवयीनं पूर्ण नाव सांगितलं. स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव, आणि वर गावसुद्धा. आडनाव ऐकून मॅडम म्हणाल्या, अच्छा. नुसतं अच्छा, थोडं लांबवून. आम्ही बौद्ध. हे अच्छा मी पहिलीपासून ऐकलंय. वर्गात ऐकलंय, खोली भाड्यानं बघताना ऐकलंय, मैत्रिणीच्या घरी चहाच्या आधी ऐकलंय. मॅडमनी एकदा आईकडं बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं. त्यांचा हिशोब जुळला. वर्षभर मला त्या फक्त नावानं ओळखत होत्या, त्या दिवशी त्यांना माझी पूर्ण ओळख झाली.

फोनवर ओटीपी आला. वरून खाली आला आणि आई वाचेपर्यंत निघून गेला. परत मागवला. परत गेला. तिसऱ्यांदा आईनं फोन टेबलावर ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मी मदत करायची नाही असा नियम आहे टेस्टचा. मी घड्याळ बघून वहीत लिहिलं. सात मिनिटं चाळीस सेकंद. काम अपूर्ण.

माझ्या हातानं लिहिलं.

मग तो फोन पुसला.

परत येताना बस मिळाली ती भरलेली. छावणीच्या थांब्यापर्यंत उभ्यानं आलो. तिथं आईला जागा मिळाली. मी तिच्याजवळ दांड्याला धरून उभी. तिनं तिकीट घडी करून पदराच्या गाठीत बांधलं. मग म्हणाली, "मंग? पास का नापास?"

मी म्हटलं, तशी परीक्षा नसती आई ती.

"मंग तू वहीत काय लिहीत व्हतीस?"

आई शाळेत कधी गेली नव्हती. तिच्या आयुष्यातली एकच परीक्षा, आणि ती घ्यायला मी तिला साडी नेसवून घेऊन गेले होते.

दुसऱ्या दिवशी मी रिपोर्ट लिहिला. नीट लिहिला. चार पानं. आईचं नाव नाही लिहिलं, लिहीत नसतात. 'कमी साक्षर युजर, स्त्री, पन्नाशीच्या पुढची' असं लिहिलं. शेवटी एक वाक्य लिहिलं, ते मला आजही पाठ आहे. 'ह्या गटातील युजरला स्क्रीनवर कमीत कमी माहिती द्यावी.' माझ्या मनात होतं जन्मतारीख काढा, ओटीपी काढा, बटणं मोठी करा. मी तसं फोडून लिहिलं नाही. घाईत होते, आणि वाक्य छान वाटलं होतं. पुस्तकातल्यासारखं.

पंधरा दिवसांनी मिटिंग झाली. तोवर नंबरची पद्धत ठरली होती. हॉस्पिटलला योजनेचे पेशंट घ्यावेच लागतात आणि पैसे भरणारे पेशंट थांबायला तयार नसतात. म्हणून पैसे भरणारा कधीही आला तरी योजनेवाल्याच्या पुढं जाणार. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण संगणकात तसं बसवायचं होतं. अडचण एकच. योजनेवाल्याला फोनवर आपला नंबर दिसला, तर तो पुढं सरकायच्या ऐवजी मागं जाताना पण दिसणार. नववा होता तो चौदावा झाला. माणूस काउंटरवर येऊन विचारणारच.

मॅडम म्हणाल्या, आकडा दाखवला की भांडण. आकडाच दाखवू नका. आणि माझा रिपोर्ट उघडून ते वाक्य त्यांनी वाचून दाखवलं. कमीत कमी माहिती द्यावी. म्हणाल्या, आपल्या टेस्टमध्ये सिद्धच झालंय की. त्या मावशींना काय कळत होतं? ह्या लोकांना आकड्यांचा नुसता ताण येतो. गोल फिरणारं काही तरी दाखवा आणि खाली एक चांगली ओळ.

म्हणजे दोन स्क्रीन. पैसे भरणाऱ्याला नंबर, किती मिनिटं लागतील ते, डॉक्टरांचं नाव. योजनेवाल्याला एक फिरतं चक्र.

मला त्याच वेळी कळलं होतं. मी अडाणी नव्हते. कुणाला कशानं मागं ठेवतात हे मला शिकवायची गरज नव्हती. पण सर म्हणाले, शुक्रवारपर्यंत काढ. आणि मी काढलं. घर माझ्या पगारावर होतं, हे एक कारण. दुसरं कारण त्याहून वाईट आहे. त्या टेस्टनंतर मॅडमनी माझ्याशी बोलणं सोडलं होतं. जे सांगायचं ते सरांना सांगायच्या, मी समोर बसलेली असताना. मला वाटत होतं, हे काम चांगलं केलं तर त्या परत माझ्याकडं बघतील.

मी चक्र हिरवं केलं. फिकं, डोळ्याला थंड वाटेल असं. खाली ओळ लिहिली, 'तुमचा नंबर लवकरच येईल. कृपया निश्चिंत बसा.' आमच्या घरात निश्चिंत हा शब्द कुणी वापरत नाही. मी तो मुद्दाम निवडला. शुद्ध वाटावा म्हणून.

मॅडमनी बघितलं आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, छान जमलंय हं.

त्या दिवशी मी घरी जाताना आईसाठी जिलबी नेली.

ॲप आधी एक महिना फक्त एका ओपीडीत सुरू केलं. लोक कसं वापरतात ते हॉलमध्ये बसून बघायला मला पाठवलं. खाली तळमजल्यावर मोठा हॉल. डाव्या बाजूला गाद्यांच्या खुर्च्या, उजवीकडं लोखंडी बाकडी. कुठं कुणी बसायचं असं लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना बरोबर कळत होतं. मी उजवीकडं जाऊन बसले.

शेजारी एक म्हातारी आणि तिचे मालक. खुलताबादच्या बाजूच्या एका गावाहून आले होते, सकाळच्या पहिल्या गाडीनं. बाईंचं नाव हलीमा बी. म्हाताऱ्यांना शुगर, पायावर जखम होती ती भरत नव्हती. रक्त तपासायचं म्हणून उपाशी पोटी यायला सांगितलेलं. सकाळची शुगरची गोळी मात्र त्यांनी घेतली होती, कारण ती चुकवू नका असंही ह्याच हॉस्पिटलनं सांगितलेलं. रक्त द्यायच्या आधी डॉक्टरांनी बघायचं होतं, म्हणून ते थांबले होते.

फोन त्यांच्या मुलाचा होता. तो कामावर जाताना नंबर लावून आईच्या हातात देऊन गेला होता. हलीमा बींनी तो दोन्ही हातांनी धरला होता, ताटली धरावी तसा. त्यावर माझं हिरवं चक्र फिरत होतं.

माझ्या गळ्यातलं ओळखपत्र बघून त्यांना वाटलं मी हॉस्पिटलची. म्हणाल्या, "बेटी, ये सुबू से गोल गोल फिर रा. हमारा नंबर कित्ता है?"

मी म्हटलं, येईल लवकरच.

तेच वाक्य. तोंडातून तेच निघालं. त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, हौ, इस में भी वोच लिखा है बोले. लिखा है तो आयेगाच. आणि मालकांना सांगितलं, अब आताच है नंबर.

डावीकडून नावं पुकारली जात होती. माणसं येत होती, दहा मिनिटं बसत होती आणि आत जात होती. साडेदहा झाले. अकरा. मी उठून काउंटरवर गेले. तिथल्या मुलीची आणि माझी ओळख झाली होती. म्हटलं, त्या म्हाताऱ्यांचा कितवा आहे बघ. तिनं तिच्या स्क्रीनवर बघितलं. तिला खरा आकडा दिसायचा. म्हणाली, सकाळी नववे होते, आता एकविसावे. आणि हसून म्हणाली, वर जातंय त्यांचं.

मी म्हटलं, त्यांनी काही खाल्लं नाही, त्यांना आधी घे. ती म्हणाली, माझ्या हातात नाही ताई, सिस्टीमच तशी आहे. तुमच्याच लोकांनी बनवलीय ना.

मी परत येईपर्यंत म्हाताऱ्यांना घाम फुटला होता. सदरा चिंब. ते काही तरी बोलत होते पण शब्द लागत नव्हते. हलीमा बी त्यांचं तोंड पदरानं पुसत होत्या आणि दुसऱ्या हातानं फोन धरून ठेवला होता. खाली ठेवला तर नंबर जाईल अशी भीती त्यांना. मग म्हातारे बाकड्यावरून घसरले. डोकं फरशीवर लागलं. तो आवाज मी ऐकलाय.

मी ओरडले. दोन वॉर्डबॉय आले, स्ट्रेचर आलं. शुगर एकदम खाली गेली होती. सलाईन लावलं. ते वाचले, एवढं सांगते. पण कपाळ फुटलं, टाके पडले, आणि केस पेपरवर काय लिहिलं ते मी स्वतः वाचलं. पेशंट न खाता आला. बस्स. कुणी उपाशी यायला सांगितलं, किती तास बसवलं, त्याचा एक शब्द नाही.

हलीमा बी बाहेर उभ्या होत्या. मला बघून त्यांनी फोन पुढं केला. म्हणाल्या, "बेटी, अब भी फिर रा. अंदर ले को गए तो बंद नहीं होना क्या?"

मी त्यांच्या समोर उभी होते. मी संडासात गेले आणि ओकले. तोंड धुतलं. आरशात बघितलं. गळ्यात ओळखपत्र. मॅडमना मी एवढे दिवस शिव्या देत होते मनात. इथं मॅडम कुठं होत्या? चक्र माझं. हिरवा रंग माझा. निश्चिंत शब्द माझा. रिपोर्टातलं वाक्य माझं. त्यांनी माझ्या आईला टेबलाच्या त्या टोकाला बसवलं होतं. मी ह्या बाकड्यांवरच्या सगळ्यांनाच तिथं बसवलं होतं, आणि भिंत त्यांच्या पाठीमागं ठेवली होती.

पुढच्या सोमवारी तिसऱ्या मजल्यावर मिटिंग होती. मी नवी स्क्रीन काढून नेली. दोन नाही, एकच, सगळ्यांसाठी. त्यावर नंबर, मोठा. नंबर मागं गेला तर का गेला तेही. खाली एक बटण, मी उपाशी आहे असं सांगायचं. सरांना आधी दाखवली नव्हती.

मॅडमनी ती बघितली. सरांना म्हणाल्या, हे आपलं ठरलं नव्हतं. सर माझ्याकडं बघायला लागले. मी हॉलमधलं सगळं सांगितलं. मॅडमना ते माहीत होतं. म्हणाल्या, वाईट झालं, पण त्याचा ॲपशी काय संबंध? ह्या लोकांना आकडे कळत नाहीत, तुमच्याच टेस्टमध्ये आलंय. तुमच्याच आई होत्या ना त्या?

मी बॅगेतून माझा रिपोर्ट काढून टेबलावर ठेवला.

मी म्हटलं, "माझ्या आईला आकडे येतात मॅडम. बावीस वर्षं ती खाटांचे नंबर वाचून चादरी बदलत होती. एकदाही चुकली नाही. तुम्ही तिला आकडा विचारलाच नाही. तुम्ही तिला जन्मतारीख विचारली, आणि हसलात."

एका मॅनेजरनं रिपोर्ट स्वतःकडं ओढला.

मी पुढं म्हटलं, मी पण हसले होते. माझा रिपोर्ट खोटा आहे, मी तो परत घेते. आणि ती चक्राची स्क्रीन मी ठेवणार नाही. दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, पण माझ्या हातून नाही.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. सरांना म्हणाल्या, भावनेच्या भरात आहेत, आपण पुढचा मुद्दा घेऊ. आणि पुढचा मुद्दा घेतला. औषधाच्या आठवणीची घंटी कशी वाजावी, हा मुद्दा होता. त्यावर वीस मिनिटं बोलले. मी तिथंच बसलेली.

मला वाटलं होतं काही तरी होईल. भांडण होईल, हाकलून देतील. काहीच झालं नाही. मी बोलले ते त्या खोलीत पडलंच नाही.

जिन्यावर सर म्हणाले, तुला काय मिळालं ह्यातून? माझं एवढं मोठं काम घालवलं असतंस. मी त्याच आठवड्यात राजीनामा लिहून दिला. न दिला असता तरी त्यांनी काढलंच असतं. पुढं अफरोजनं ते ॲप पूर्ण केलं. त्यानं फोन करून सांगितलं. त्याचं घर खुलताबादला, वडलांचं छोटं दुकान, दोन बहिणींची लग्नं व्हायची. म्हणाला, मैंने तेरे कू पूछे बिना कुछ नहीं बदला, लेकिन वो चक्र निकाल भी नहीं सका. मी त्याला काय म्हणणार? एक शुक्रवार माझाही होता. हलीमा बींचं त्यानंच गावाकडून कळवलं. म्हातारे आता हॉस्पिटलला येत नाहीत. गावातल्या डॉक्टरकडून गोळ्या घेतात. जखम तशीच आहे.

ॲपचं उद्घाटन थाटात झालं. आता ते सगळ्या ओपीडींत आहे. मी योजनेच्या ऑफिसात लेखी तक्रार दिली. शिक्का मारून पोच दिली. तीन महिन्यांनी परत गेले तर म्हणाले, हा तांत्रिक विषय आहे, पेशंटनं स्वतः तक्रार करायला पाहिजे. पेशंटला कसं कळणार, त्याला तर आकडा दिसतच नाही, असं मी म्हटलं. ते म्हणाले, तेच तर, त्याची तक्रारच नाही.

आईला मी सगळं सांगितलं. उशिरा सांगितलं, पण सांगितलं. टेस्ट कशाची होती, रिपोर्टात काय लिहिलं, त्याचं काय झालं. मला वाटलं ती म्हणेल, बरं केलंस सोडलीस नोकरी. ती भाजी निवडत होती. हात थांबले.

म्हणाली, "माझ्या नावावर केलं व्हय त्यांनी हे?"

मी म्हटलं, व्हय.

त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ते स्वयंपाकाचं. त्या गोष्टीवर पुन्हा कधीच नाही. तिनं मला माफ केलं का नाही मला माहीत नाही. मी विचारलं नाही. ती जांभळी साडीही तिनं परत नेसलेली मी पाहिली नाही.

आता मी एका डीटीपीच्या दुकानात बसते. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, दुकानांच्या पाट्या. मधे चार कंपन्यांत मुलाखती दिल्या. काम सगळ्यांना आवडतं. मग विचारतात, आधीची नोकरी का सोडली. पहिल्या ठिकाणी मी म्हटलं, घरची अडचण. बाहेर आले आणि रस्त्यावर उभी राहिले. घरची अडचण. म्हणजे परत माझं घर. परत माझी आईच अडचण.

दुसऱ्या ठिकाणी मी सगळं सांगितलं. फोन पुसण्यापासून म्हाताऱ्याच्या टाक्यांपर्यंत. माझं वाक्य, माझं चक्र, माझं हसू, काही सोडलं नाही. कळवतो म्हणाले. कळवलं नाही. तिसऱ्या ठिकाणी पण सांगितलं. चौथ्या ठिकाणी समोरचा माणूस चांगला होता. त्यानं पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, ताई, काम तुमचं उत्तम आहे, पण एवढं सगळं सांगायची गरज आहे का? मी म्हटलं, आहे. त्यानंही कळवलं नाही.

पुढच्या आठवड्यात पाचवी मुलाखत आहे. पुण्याची कंपनी आहे, फोनवरच घेणार आहेत. मला माहीत आहे काय होणार. ते विचारतील, मी सांगेन, आणि पलीकडं आवाज थोडा बदलेल. तो बदलला तर बदलू दे. मी पूर्ण सांगणार. सहाव्या ठिकाणी पण सांगणार. नोकरी मिळाली आणि तिथं कुणी म्हटलं, ह्या लोकांना कळत नाही, तर तिथंही त्याच खुर्चीत बसून सांगणार, कोणाला काय कळतं ते. माझ्या माणसांना कमी समजतं असं मी एकदा माझ्या अक्षरात लिहून दिलंय. पुन्हा देणार नाही. उपाशी राहीन, पण देणार नाही.